करंटमध्ये बोट लांब राहिली, तर बडीला सोडून पोहत जायचं का?

खारंवारं

आमच्या डायव्हिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा यावरून रात्री उशिरापर्यंत जुंपली होती. शेवटी ॲडमिननी गुड नाइटचं फूल टाकलं आणि विषय बुडाला. म्हणून इथे धागा काढतोय. (नवख्यांसाठी: करंट म्हणजे समुद्रातल्या पाण्याची ओढ, बडी म्हणजे डाईव्हला जोडीने उतरणारा साथीदार.)

ग्रुपमधले काही जण सप्टेंबरमध्ये इंडोनेशियात कोमोडोला चाललेत. त्यातल्या एकीने विचारलं: डाईव्ह संपवून वर आलो, बोट दोनेकशे मीटरवर आहे आणि करंट आपल्याला उलट दिशेला ओढतोय, तर करायचं काय? एका जुन्याजाणत्या गृहस्थांनी ठोकून दिलं, "दोघांत जो दमाचा असेल त्याने बोटीकडे पोहत जायचं, दुसऱ्याने तिथेच थांबायचं. पहिला बोट घेऊन येतो." भराभर अंगठे पडले.

मला हा सल्ला जीवघेणा वाटतो. एक नॉट म्हणजे तासाला १.८५ किलोमीटर, मिनिटाला साधारण ३१ मीटर. पाठीवर सिलिंडर, अंगावर फुगवलेला बीसीडी (तरंगायला हवा भरायचं जाकीट) असा लवाजमा घेऊन माणूस एक नॉटच्या वेगाने काही मिनिटं पोहेल, मग फेस येईल तोंडाला. म्हणजे कोमोडोसाठी अगदी किरकोळ असलेल्या करंटमध्येसुद्धा हा दमदार गडी जागच्या जागी पाय मारत राहणार. आणि दुसऱ्याने "तिथेच" थांबायचं म्हणजे कुठे? समुद्रात "तिथे" नावाची जागाच नसते. समजा पहिला वीस मिनिटांत बोटीवर पोचला, तोवर दुसरा सहाशे मीटर पुढे गेलाय, आणि बोटीवरच्या कुणालाच नक्की दिशा सांगता येत नाही.

वाहत जायचं असेल तर दोघांनी एकत्र वाहत जावं, हे माझं म्हणणं. जून २००८ मध्ये कोमोडोजवळच तातावा बेटापाशी पाच युरोपीय डायव्हर बोटीपासून तुटले. रात्रीच्या काळोखात एकमेकांना धरून कित्येक तास वाहत गेले आणि रिंचा बेटाच्या जवळ आल्यावर एकत्रच किनाऱ्याला लागले. तिथे दोन रात्री काढल्या, खडकावरचे शिंपले खाल्ले, अंगावर येणाऱ्या कोमोडो ड्रॅगनला दगड आणि वेट बेल्ट (कमरेचे वजनाचे पट्टे) फेकून हाकललं. पाचही जण वाचले. ड्रॅगनची गोष्ट सगळ्यांना पाठ असते, एकमेकांना धरून राहिल्याची कुणी सांगत नाही.

ज्यांनी करंटमध्ये डायव्हिंग केलंय त्यांनी लिहा. ज्यांनी केलं नाही त्यांनीही लिहा, आपल्याकडे तशी पद्धतच आहे :)

मुक्ता_के

वाचतेय. मी अंदमानला ओपन वॉटर (डायव्हिंगचा पहिला कोर्स) केलंय, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. पण वर आल्यावर एकत्र राहायचं तर आधी वर एकत्र यावं लागेल ना? खाली चुकामूक होते ती का होते? दोघंही त्याच पाण्यात असतात, मग करंट दोघांना सारखाच नेणार.

खारंवारं

बाळबोध मुळीच नाही, खरी गोम तिथेच आहे. दोघं "त्याच पाण्यात" नसतात. समजा तुम्ही १८ मीटरवर खडकाच्या आडोशाला गॉगल साफ करत थांबलात. तिथे पाणी शांत. तुमचा बडी सहा मीटर वर, खडकाच्या माथ्यावर, एखादं कासव बघायला गेला. माथ्यावर सगळं पाणी चेपून निघतं, तिथे वेग दुप्पट. पाणी कितीही नितळ असलं तरी त्याचे पायांतले फिन दिसेनासे व्हायला मिनिटही लागत नाही. वर बघितलं तर बुडबुडेसुद्धा तिरके जाताना दिसतात. ते तिरके जायला लागले की समजायचं, वर वेगळाच कारभार चाललाय.

म्हणून तो जुना नियम: बडी दिसेनासा झाला तर एक मिनिट शोधायचं, गोल फिरून, वर-खाली बघून, टाकीवर टकटक करून. नाही सापडला तर वर. दोघांनीही. हा "दोघांनीही" भाग डाईव्हच्या आधी तोंडाने बोलून ठरवलेला असला पाहिजे, नाहीतर एक जण वर येऊन गटांगळ्या खात बसतो आणि दुसरा खाली निवांत मासे बघत असतो, की येईल तो. एक मिनिट का, तर एका नॉटला मिनिटाला ३१ मीटर. पाणी १५ मीटर दिसतंय आणि बडी एवढा लांब गेलाय, तर आणखी शोधण्यात हवा जाते, बाकी काही होत नाही.

एकला_जीव

धागाकर्त्याचा मुद्दा पटला, पण बडी या प्रकाराचं जरा जास्तच कौतुक चाललंय असं वाटतं. बोटीवर जो अनोळखी माणूस "हा तुमचा बडी" म्हणून गळ्यात मारतात, त्याची हवा अर्ध्या तासात संपते, हातात कॅमेरा असतो, आणि पूर्ण डाईव्हभर तो खेकड्याच्या बिळात डोकं घालून बसतो. याला आम्ही सेम ओशन बडी म्हणतो. दोघंही एकाच महासागरात असतात, एवढाच काय तो संबंध.

फेब्रुवारी २००६ मध्ये न्यूझीलंडच्या कापिटी किनाऱ्यालगत रॉब ह्यूइट हा नौदलातला माजी पाणबुड्या एकटाच वाहत गेला. चार दिवस, तीन रात्री पाण्यात. वाचला. बडी नव्हता.

आणि दुसरं, एप्रिल २०२२ मध्ये मलेशियात मेर्सिंगजवळ चौघं वाहून गेले. त्यांतली नॉर्वेची प्रशिक्षक करंटमुळे बाकी तिघांपासून तुटली, आणि सगळ्यात आधी तीच सापडली. एकत्र राहिलेले नाहीत. मग?

खारंवारं

मेर्सिंगचा मुद्दा चुकवणार नाही, तो खरा आहे. पण ती मदत आणायला म्हणून निघून गेली नव्हती, करंटने तुटली. ती दुसऱ्या दिवशी सापडली, बाकीच्यांपैकी एक पुरुष आणि अठरा वर्षांची फ्रेंच मुलगी ९ एप्रिलला मच्छीमारांना सापडले. त्या पुरुषाचा चौदा वर्षांचा मुलगा गेला. त्यामुळे या घटनेतून "वेगळं व्हा म्हणजे आधी सापडाल" असा धडा काढायचा नसतो. कोण आधी सापडतं हे पुष्कळदा कुठली बोट कुठून जातेय यावर ठरतं.

बालीचं बघा. १४ फेब्रुवारी २०१४, नुसा लेम्बोंगान आणि नुसा पेनिदाच्या परिसरात सात जपानी बायका डायव्हिंगला गेल्या, त्यांत दोघी प्रशिक्षक. हवा बिघडली, बोट चुकली. बातम्यांत आलं होतं की त्यांतल्या एका प्रशिक्षिकेला टगबोट दिसली, मदत आणू म्हणून ती त्या दिशेने पोहत गेली. टगबोट हाती लागली नाही आणि गटापासूनही ती तुटली. तीन दिवसांनी पाच जणी जिवंत सापडल्या, तिच्यासकट. पण सापडली ती वेगळ्या जागी, एकटी. दोघी गेल्या. आमच्या ग्रुपवरच्या गृहस्थांचा सल्ला तिने अक्षरशः पाळला होता, आणि ती तर प्रशिक्षक होती.

ह्यूइटबद्दल आदरच आहे. पण माजी नौदल पाणबुड्या वाचला म्हणून आपण वाचू, हा हिशेब माझ्या पोटाकडे बघून करवत नाही.

देवबागचो

मी मासेमारीतलो माणूस, स्कूबा-बिबा माझा मुलगा करतो, पर्यटकांना नेतो. आमच्याकडे लहानपणापासून एकच सांगतत: होडी उलटली तर होडी सोडूची नाय. किनारा कितीही जवळ दिसूंदे. माणूस दमता, पाणी दमणा नाय.

आणखी एक. तुम्ही लोक करंट करंट म्हणता, पण तिथी बघता का? अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याची ओढ वेगळी, सप्तमी-अष्टमीच्या भांगाला वेगळी. परदेशात गेलात म्हणून चंद्र बदलणा नाय. सहलीचे दिवस ठरवताना विमानाचं तिकीट स्वस्त कधी ते बघतात, उधाण कधी ते कोणी बघत नाही.

जमीन जवळ असली आणि पाणी तिच्या बाजूने जात असलं तर तिरकस कापत जायचं, सरळ ओढीच्या तोंडावर नाही. पण जायचं तर दोघांनी. एक गेला, एक राहिला, असं नको.

खारंवारं

काका, तिथीचं अगदी खरं. कोमोडो काय किंवा नुसा पेनिदा काय, तिथे पॅसिफिकचं पाणी बेटांमधल्या चिंचोळ्या खिंडींतून हिंदी महासागरात घुसत असतं, त्यावर भरती-ओहोटी स्वार होते. अमावास्या-पौर्णिमेला चांगले डाईव्ह मास्टर काही जागा सरळ वगळतात. पाहुण्यांनी आग्रह धरला तरी.

क्षितिज_७१

सहसा फक्त वाचतो, आज लिहितो. नोकरीत समुद्रातल्या शोधकार्याशी संबंध होता. खातं आणि जागा विचारू नये.

शोध सुरू होतो तो शेवटच्या खात्रीच्या ठिकाणापासून आणि वेळेपासून. तिथून करंट किती, वारा किती याचा हिशेब करून एक क्षेत्र आखतात. दर तासाला ते क्षेत्र फुगत जातं. हेलिकॉप्टरमधून पाण्यातलं एकटं डोकं म्हणजे लाटांवर पडलेला नारळ. पांढऱ्या फेसात तो नजरेसमोरून जातो आणि दिसत नाही. दोघं एकत्र, मध्ये उभी नारिंगी एसएमबी (फुगवून उभी धरायची खुणेची नळी), पायांनी पाणी उडवतायत, हा आकार डोळ्याला टोचतो.

दुसरी गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. दोघं वेगळे झाले की ते सारख्या वेगाने वाहत नाहीत. बीसीडी पूर्ण फुगवून, एसएमबी उभी धरून पाठीवर पडलेल्याला वारा जास्त ढकलतो. जो पाण्यात खोल बसलाय त्याला पाणी नेतं, वारा कमी. सकाळपर्यंत दोघांमध्ये काही किलोमीटरचं अंतर पडू शकतं. मग आम्हाला दोन शोध चालवावे लागतात, तेवढ्याच विमानांत.

तुमच्या बाजूने बघा. पाण्याच्या पातळीवर डोळा असताना क्षितिज जेमतेम दीड किलोमीटरवर असतं, आणि लाटा असतील तर पुढची लाट हेच क्षितिज. तुम्हाला बोट दिसत नाही म्हणून बोट शोधत नाही असं समजू नका.

बोटीवर जे राहतात त्यांनी वेळ घालवू नये. स्वतः शोधू, मग बघू, यात उजेड जातो. व्हीएचएफ रेडिओवर १६ नंबरच्या चॅनेलवर सांगा. भारतात तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४.

मुक्ता_के

बाप रे, नारळाचं वाचून घामच फुटला. मग रात्रभर एकत्र राहायला एकमेकांना बांधून घ्यायचं का? म्हणजे नेमकं कसं?

केर्न्सकर

मी क्वीन्सलंडात असते, त्यामुळे या दोन गोष्टी इथल्या.

मे २००८ मध्ये व्हिटसंडे बेटांच्या बाहेर, बेट (Bait) नावाच्या रीफपाशी एक ब्रिटिश पुरुष आणि त्याची अमेरिकन जोडीदार वर आले तेव्हा बोट तुमच्या प्रश्नातल्याइतकीच लांब होती, दोनेकशे मीटर. बोटीला ते दिसले नाहीत. दोघांनी आपापली अंगावरची सामग्री वापरून एकमेकांना बांधून घेतलं आणि रात्रभर, सुमारे १९ तास, तसेच तरंगले. सकाळी हेलिकॉप्टरला सापडले.

बांधायचं म्हणजे गाठी मारत बसायचं नाही. बीसीडीच्या डी-रिंगा (पट्ट्यांवरच्या कड्या) एकमेकींना क्लिपने अडकवायच्या, किंवा एसएमबीच्या रीलची दोरी मीटर-दीड मीटर सोडून दोघांच्या मध्ये घ्यायची. मनगटाला किंवा गळ्याला गुंडाळायची नाही. झोप लागते हो रात्री, ग्लानी येते, म्हणून बांधायचं. हाताची पकड झोपेत सुटते.

आणि दुसरी गोष्ट, जी इथे सगळ्यांना माहीत असते: जानेवारी १९९८ चं लोनर्गन दांपत्य. बोटीवरच्यांनी डोकी मोजण्यात चूक केली आणि बोट त्यांना पाण्यातच सोडून परत गेली. दोन दिवसांनी त्यांच्या बॅगा बोटीवर पडलेल्या दिसल्या तेव्हा कुठे लक्षात आलं. काही महिन्यांनी त्यांची पाण्यात लिहायची पाटी सापडली, त्यावर दुसऱ्या दिवशी सकाळची तारीख आणि मदतीची विनवणी होती. ती दोघं मात्र कधीच सापडली नाहीत. त्यामुळे धागाकर्ते, तुमचं म्हणणं मान्य, पण कुणी शोधायलाच निघालं नाही तर बडी धरून तरी काय होणार? त्यानंतर इथे डोकी मोजायचे आणि नोंद ठेवायचे नियम कडक झाले. मी कुठेही गेले तरी बोट निघताना बघते की मोजणारा माणूस नावं वाचतोय की नुसता "सगळे आलेत ना?" विचारतोय. दुसऱ्या प्रकाराच्या बोटीवर मी पहिल्या डाईव्हनंतर शेजारणीला सांगून ठेवते, मी दिसले नाही तर गळा काढ.

भूलभुलैया

(पेशाने भूलतज्ज्ञ, म्हणून हा आयडी.)

पाणी उबदार आहे म्हणून गाफील राहू नका. हवेपेक्षा पाणी अंगातली उष्णता सुमारे २५ पट वेगाने काढून घेतं. २८ अंशांचं पाणी डाईव्हच्या तासाभरात छान वाटतं, रात्रभरात नाही. पोहण्याने अंग तापतं हा समज चुकीचा आहे, हातपाय हलले की त्यांच्याभोवतीचं कोमटसर पाणी निघून जातं आणि गार पाणी येतं. एकटे असाल तर गुडघे छातीशी. दोघं असाल तर छातीला छाती लावून, पाय एकमेकांत. लाजण्याची वेळ नाही ती. वेटसूट काढायचा नाही, हुड असेल तर घालायचा.

समुद्राचं पाणी एक घोटही नको. आणि एकमेकांशी बोलत राहा. गार पडलेला माणूस आधी चिडचिडा होतो, मग असंबद्ध बोलतो, मग गप्प होतो. हे त्याचं त्याला कळत नाही, बडीलाच कळतं. मला विचाराल तर एकत्र राहण्याचं सगळ्यात मोठं कारण हे आहे.

खारंवारं

डॉक्टर, हे ग्रुपवर जसंच्या तसं टाकतोय.

सामानाचं राहिलं. वर आल्याबरोबर बीसीडी पूर्ण फुगवा आणि वजनं टाकून द्या. वजनांचे पैसे भरावे लागतील म्हणून ती घट्ट धरून बसलेले महाभाग पाहिलेत. फिन आणि मास्क मात्र सोडायचे नाहीत, लाटा तोंडावर येत असतात. सिलिंडर टाकायची घाई नको. नेहमीचा ॲल्युमिनियमचा सिलिंडर रिकामा होत आला की स्वतःच तरंगतो, तुम्हाला खाली ओढत नाही.

एसएमबी नुसती फुगवून पाण्यावर सोडली तर आडवी पडते आणि लांबून दिसत नाही. खालची दोरी दोन्ही हातांनी खेचून धरली की ती ताठ उभी राहते. हात भरून येतात, म्हणून दोघांनी पाळी लावायची, एक धरतो, दुसरा नजर ठेवतो. रात्री टॉर्च आत घालून पेटवला की आख्खी नळी कंदिलासारखी उजळते. दोघांकडे वेगवेगळी एसएमबी हवी. "बडीकडे आहे" हे उत्तर मी ऐकून घेत नाही. शिट्टी आणि छोटा आरसा खिशात मावतो, आरसा नसेल तर जुनी सीडीही चालते.

एकला_जीव

वर बोटीपासून तुटल्यावर एकत्र राहावं, हे मान्य. माझा मुद्दा एवढाच होता की प्रत्येकाने आपलं सामान आणि आपलं डोकं घेऊन उतरावं, बडीच्या जिवावर नाही. स्वतःची एसएमबी सोडता न येणारे लोक प्रगत कोर्सचं कार्ड खिशात घालून फिरतात.

ता.क. ते जीपीएसवालं उपकरण घेतलं तर हा सगळा खटाटोप वाचत नाही का?

क्षितिज_७१

वाचत नाही, पण शोध तासांवरून मिनिटांवर येऊ शकतो. डायव्हरसाठी जलरोधक डबीतली जी उपकरणं मिळतात त्यांतली बरीचशी एआयएसवर चालतात, म्हणजे आसपासच्या जहाजांना आणि बोटींना तुमचं ठिकाण दाखवतात. आसपास एआयएस असलेली बोट नसेल तर उपयोग नाही. लाकडी बोटीवर ते असतंच असं नाही, आधी विचारा. ४०६ मेगाहर्ट्झचं बीकन (संकटात संदेश पाठवणारं यंत्र) थेट उपग्रहाला सांगतं.

भारतातल्यांसाठी महत्त्वाचं: उपग्रहावरून संदेश पाठवणारी गिर्यारोहकांची उपकरणं परवान्याशिवाय आपल्याकडे बाळगता येत नाहीत, विमानतळांवर लोक अडकलेत. परदेशातून कुणी भेट पाठवतो म्हणालं तर आधी चौकशी करा.

पहिलाच_बुडबुडा

आम्ही डिसेंबरात कुटुंबासह मालवणला स्कूबा करणार आहोत. हे वाचून बायको नको म्हणतेय. काय करू?

देवबागचो

वहिनींना सांगा घाबरू नका. ते वेगळं आहे. तिथे खोली कमी असते, प्रशिक्षक पूर्ण वेळ तुमच्या सिलिंडरला धरून असतो, तुम्हाला सोडतच नाही. तुमचो बडी तोच. फक्त फोटोच्या नादात त्याचा हात झटकू नका. आणि पाणी गढूळ आहे, आज नको असं तो म्हणाला तर पैसे परत मागून भांडू नका, त्याचं ऐका.

निघाले_कोमोडोला

ग्रुपवर तो प्रश्न विचारणारी मीच. सगळं वाचून काढलं.

काल आमच्या डाईव्ह ऑपरेटरला मेल केली: बोट नांगर टाकून थांबते की डायव्हरांच्या मागे फिरते, मागे करंट लाइन (डायव्हरांना धरायला लांब दोरी) सोडतात का, डोकी कोण मोजतं, बोटीवर एआयएस आहे का, आणि उधाणाच्या दिवशी कुठल्या साइट वगळता. उत्तर आलं: बोट मागे फिरते, मोजणी नावं वाचून, एआयएस नाही, आणि पौर्णिमेच्या आसपासचे दोन दिवस कार्यक्रम बदलू. बाकी ठीक, एआयएसचं काय करावं?

शिवाय माझा बडी म्हणजे माझा नवरा. त्याला हा धागा दाखवला तर म्हणाला, "पण मी तुझ्यापेक्षा चांगला पोहतो."

केर्न्सकर

नवऱ्याला डॉक्टरांचा प्रतिसाद वाचायला द्या, चिडचिडा-असंबद्ध-गप्प वाला. आणि दीड मीटर दोरी घ्या, दोन्ही टोकांना क्लिप.

खारंवारं

एआयएस नसेल तर त्या डबीवर पैसे घालू नका. त्या पैशांत दोन चांगल्या, लांब एसएमबी, परावर्तक पट्टीवाल्या, आणि दोघांना वेगवेगळे टॉर्च घ्या. जायच्या आधी कुठल्यातरी खोल तरणतलावात दोघांनी एसएमबी पाच मीटरवरून सोडून बघा, रीलची दोरी अडकते ती तिथेच अडकू दे. आणि पौर्णिमेचे दोन दिवस बदलू म्हणणारा ऑपरेटर मिळालाय, तो सोडू नका. बुकिंगची लिंक मलाही पाठवा.